कयाकच्या कापडावर कोणता लेप

३ मार्च १९७४
छत्रीचे कापड विणलेले, म्हणजे छिद्रांचेच. तरी पाऊस आत येत नाही. आतून बोट टेकवले, की नेमके तिथूनच पाणी झिरपू लागते. कारण मोठे देखणे आहे: प्रत्येक छिद्रावर पाण्याचा ताणलेला पडदा असतो, आणि बोट तो मोडते. कयाकमध्ये, म्हणजे सांगाड्यावर कापड मढवलेल्या एकट्याच्या होडीत, तर गुडघे सतत कापडाला टेकणार. तेव्हा छिद्रे बुजवणारा लेपच हवा.
बांबूचा सांगाडा तयार. धाकट्या भावाने, वसंताने, एकट्याने बांधला. पोलिओने पाय गेला, पण दंड पाहावेत! त्याला हिप्परग्याच्या तलावावर एकट्याने वल्हवायचे आहे. आईची परवानगी एकाच फेरीपुरती. "आत टिपूसभर पानी दिसलं, तर ही बांबूची बुट्टी चुलीत जाईल."

१० मार्च
गच्चीवर उन्हात तीन लेपांचे तीन तुकडे. डांबर: दुपारी वितळले. मेण: तेच. उकळलेले जवसाचे तेल: उत्तम! तेल 'वाळते' म्हणतात, पण त्यातले पाण्यासारखे काही उडून जात नाही. ते हवेतला प्राणवायू घेते आणि त्याचे कातडे बनते. म्हणूनच तेलकट चिंध्यांचा गोळा करून ठेवू नये, आपोआप पेटतो. (हे आईला सांगायला नको होते.)

१४ मार्च
वसंताचा (व.चा) शाळासोबती नरसय्या, घरचे माग. कापड घेऊन आला. धाग्यांना पिठाची खळ, पुठ्ठ्यासारखे ताठ.
"अण्णा, तुमच्या नावेसाठी खास दुप्पट खळ दिली. पाणी काय, वारा पण नाही जाणार!"
व.: "नरश्या, नाव शिवायची आहे, फेटा नाही."
तरी तिघेही खूश. शिवले, ताणले, तेलाचा पहिला हात दिला.

२४ मार्च
तीन हात पूर्ण. तलावाआधी घरची परीक्षा: कयाक पालथी घालून ओली पोती दिवसभर तिच्या पाठीवर. संध्याकाळी लेप पापुद्र्यांनी सुटला. आईने एक पापुद्रा उचलून पाहिला. मग चुलीकडे पाहिले.
कारण: धाग्यांत खळ आधीच बसलेली. तेलाला आत जागाच नव्हती, ते खळीवर बसले. पाण्याने खळ फुगली आणि लेप सुटला.
नरसय्याला व.ने सांगितले. त्याचा चेहरा उतरला. "बिनखळीचं कापड गिऱ्हाइकाला दाखवायची पण लाज वाटते आम्हाला."

३१ मार्च
नवे कापड नरसय्याने स्वतः उकळून धुतले. कालच शिवले. लेपाआधी तपासणी: टिंक्चर आयोडीन, पाणी घालून पातळ केलेले. खळ उरली असेल तर थेंब निळाकाळा, नसेल तर तपकिरीच. टोकाला, बुडाला, मध्ये: तपकिरी! व. शिट्टी वाजवत वल्हे तासतो आहे.
आई येऊन उभी राहिली. "शिवलंस कशानं?"
"नरसय्याच्या दोऱ्यानं."
"त्याला खळ न्हाय व्हय?"
दोरा ताण्याचा, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांचा, आणि ताण्याच्या धाग्याला खळ असतेच. दोराही त्याच पातेल्यात उकळला, असे नरसय्या म्हणतो. व.ला तसे आठवत नाही. शिवणीवर थेंब टाकला. व. म्हणतो तपकिरी, आई म्हणते निळा. मला ठरवता येईना: तेवढ्याशा दोऱ्यावर रंग दिसतो कुठे?
उद्या दिवसाउजेडी, पांढऱ्या बशीत: रिळावरचा कोरा, न उकळलेला दोरा एकीकडे, शिवणीतून उसवलेला दुसरीकडे, दोन्हींवर एकेक थेंब. दोन्ही निळे झाले तर सगळी शिवण काढायची.
उसवायला आई बसते म्हणाली.