जनार्दनचा शब्द

३ जुलै, गुरुवार
पुन्हा घरात पाणी. ओहोटी लागली तरी उतरत नाही. उतरणार कुठून? बांधातली उघाडी, पाणी खाडीत सोडायची झडपच, गोदामवाल्यांनी बुजवली. तिच्यावरून आता गोदामाचे ट्रक काल्हेरकडे जातात. ह्यांची खाट विटांवर चढवली. अर्धांगाच्या माणसाला आणखी किती उंच ठेवायचं?
जनार्दन पाहणीला आलेल्या अधिकाऱ्यापुढे म्हणाला, “हितं उघाडी कधी नव्हतीच.” उघाडी उघडायचा-लावायचा मान पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या घराचा. तिच्याबद्दल त्या घराचाच शब्द अखेरचा, म्हणून सगळं गाव गप्प. आणि हा ह्यांचा जिवलग. गोदामाच्या भरावाविरुद्ध उपोषणाला ह्यांच्या शेजारी बसलेला!

५ जुलै, शनिवार
दुपारी टीव्हीवर ह्यांचा आवडता सिनेमा. जंगल, खजिना, दोरांचा पूल. नायकाला विकणारा दोस्त ऐन वेळी परततो, दोर धरून ठेवतो, स्वतः दरीत जातो. ह्यांचे डोळे ओले.
“जना पण येईल बघ.”
“त्याला दरीत नाही पडायचं. नाक्यावर चहा प्यायचाय.”
“मास्तरीणच राहिलीस तू.”
राहिले. असल्या फितुरांना माफ करायला काय लागतं? मेलेले असतात. उद्या सकाळी समोरून चालत येत नाहीत.

८ जुलै, मंगळवार
परवा फेरपाहणी. शेवटचीच. तिथेही उघाडी नव्हतीच असं ठरलं, तर हे घर सोडायचं. कुठे जायचं, ह्या विषयावर आम्ही दोघं बोलत नाही.
संध्याकाळी जनार्दन आला. अंगणातल्या पाण्यातच उभा.
“वयनी, दादूस जागा हाय?”
“बोल.”
“पोरीला गोदामाच्या हापिसात लावलीय. मी खरा बोललो तं तिला काढतील. वर गाव मना थुकल.”
“आत्ता काय ओवाळतंय?”
हसला. निर्लज्ज. मग हळूच, “खरा बोललो, तं दादूस माझ्याशी बोलल?”
खाट दारापासून चार हातांवर. ह्यांनी सगळं ऐकलं. इतके दिवस जना येईल, जना येईल. मला वाटलं आता हाक मारतील. ह्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.
जनार्दन माझ्याकडे बघत राहिला. म्हटलं, “मला माहीत नाही.” खोटं कशाला बोलू?
गेला. रात्री हे जेवले नाहीत. मीही आग्रह केला नाही.

१० जुलै, गुरुवार
अधिकाऱ्याची गाडी बांधावर आली आहे. जनार्दन आधीपासून तिथेच, चपला काढून उभा. त्याचा बाप उघाडीला हात लावण्याआधी असाच चपला काढायचा. की चिखल आहे म्हणून? गोदामवाल्यांचा माणूस त्याच्या खांद्यावर हात टाकून काहीतरी सांगतो आहे.
ह्यांना विचारलं, “काही निरोप?”
पुन्हा विचारलं. डोळे मिटलेले, पण झोप नाही, पापण्या हलत होत्या.
मग म्हणाले, “तू तिथे उभी राहा.”
कोणाच्या बाजूला, कशासाठी, सांगितलं नाही. छत्री घेतली आहे. जनार्दनने मला परवाचंच, दादूस बोलेल का, हे पुन्हा विचारलं तर काय सांगायचं, अजून ठरत नाही.