नऊ पायऱ्या

बाबा, शाळेच्या बक्षीस समारंभाला चौघांनी तुम्हाला खुर्चीसकट उचलून वरच्या हॉलमध्ये आणलं, तेव्हा तुम्ही हसलात, ते हसू खरं होतं का? मला आजही सांगता येत नाही. "व्हीलचेअरची सोय आहे," असं बाई म्हणाल्या होत्या. सोय म्हणजे ते चार शिपाई. "सरका, सरका, वरात येतेय!" तुम्ही ओरडलात. सगळे हसले, मी टाळ्या वाजवल्या. पुढच्या वर्षी माझा पहिला नंबर आला आणि समारंभाच्या दिवशी तुम्हाला नेमका ताप आला. मी कपाळाला हात लावून पाहिला होता, बाबा. कपाळ गार होतं.

परवापासून हेच आठवतंय, कशात लक्ष लागत नाही. इथे आखातात, गुदैबियातल्या ट्रॅव्हल ऑफिसात मी सहलींची पत्रकं लिहिते. घरातली पहिली ग्रॅज्युएट, खरं तेच लिहायचं असं ठरवून आलेली. जवळच बुदैयाला मुलाकडे राहणारे एक काका आहेत, रिटायर्ड इंजिनिअर, व्हीलचेअरवर असतात. त्यांना युरोपातल्या एका जुन्या मठातला बिअरचा कारखाना बघायचाय. "बिअर नको गं, शुगर आहे. जन्मभर बॉयलर सांभाळले, ती तांब्याची भलीमोठी भांडी एकदा जवळून बघू दे." मठाकडून उत्तर आलं: बागेत, चर्चमध्ये खुर्ची सगळीकडे जाते. भांड्यांच्या खोलीला मात्र नऊ पायऱ्या आहेत, लिफ्ट नाही. परवा साहेब म्हणाले, "अरे, चार लोग उठा लेंगे. लिखो, पूरी सुविधा है. यल्ला, जल्दी!" आणि मी लिहिलं. मी, बाबा! तीच सोय.

आज लवकर येऊन काकांना फोन केला, पायऱ्यांचं सांगितलं. "उचलून नेलं तर चालेल का तुम्हाला?" पलीकडे काकांनी टीव्ही बंद केला. मग म्हणाले, "नाही चालणार. बाग बघू. पण बाहेरून भांडी दिसतील अशी एखादी खिडकी आहे का, तेवढं विचार."

तुम्हाला मी असं कधी विचारलं नाही. वरातीच्या त्या दिवशी घरी येताना विचारणार होते, पण हातातलं बक्षीस फार आवडलं होतं, त्यातच रमले. आता तुम्ही नसताना हे पत्र कुठे पाठवणार? साहेब अजून यायचेत, आल्यावर ओरडतील. खिडकीचं मठाला विचारलंय. पत्रकातलं ते वाक्य काढून तिथे नऊ पायऱ्या लिहिल्यात, आणि नवं पत्रक सगळ्या गिऱ्हाइकांना पाठवून टाकलंय.