समोरून येणारा माणूस

प्रिय अण्णा,

काल आपली बाग पुन्हा उघडली. तुम्ही गेलात त्याच सुमारास दुरुस्तीसाठी बंद केली होती ना! बघून आले आणि घरात शिरताच सवयीनं "अण्णा!" म्हणून हाक मारली. ओ कोण देणार? म्हणून हे पत्र.

संस्थानिकांनी बांधलेला मधला दगडी बँडस्टँड जसाच्या तसा आहे. कारंजं तर चक्क उडतंय! हरणांच्या पिंजऱ्याच्या जागी मात्र व्यायामाची यंत्रं बसवलीत. तुम्ही आधी नाक मुरडलं असतंत, आणि मग सगळ्यांच्या आधी त्यांवर चढला असतात.

लोक अजूनही बँडस्टँडला देवळासारखी प्रदक्षिणाच घालतात. सगळ्या सांगलीत उलटे फिरणारे एकटे तुम्ही! पलटणीतून सुट्टीवर आलात आणि माणदेशातल्या गावाहून थेट मुलगी बघायला. आजोबांनी आईला बागेत फिरायला आणलेलं. तुम्ही निघालात उलटे. आजोबा म्हणाले, "पाव्हणं, सुलटं फिरा की!"

"आवं मामा, सुलटं फिरलो तर नुसती पाठच दिसंल!"

आई पदराआड हसली आणि लग्न तिथंच ठरलं.

पुढे जन्मभर तसेच फिरलात. आई सुलटी, तुम्ही उलटे. गाठ पडली की काहीतरी कुजबुजायचात आणि पुढे जायचात. काय बोलत होता हो एवढं? कितीदा विचारलं, आईनं कधी सांगितलं नाही.

एवढे शिस्तीचे तुम्ही, आणि जाताना कुणाला सांगितलंही नाहीत! झोपेतच गेलात. तेव्हापासून आईनं उंबरा ओलांडला नव्हता. "समोरनं आता कोण येणार हाय?" म्हणायची. जेवण सुटलं. तुमच्या मागोमाग निघते की काय, अशी मला धास्ती बसली होती, अण्णा.

काल तिला बळंच बागेत नेलं. हात धरून चालायला लागले, तर तिनं हात सोडवून घेतला. "अशी शेजारनं नको. तू तिकडनं ये."

मी उलटी निघाले. लोक बघत होते, हसत होते. कारंज्यापलीकडून आई आली, हळूहळू, पदर सारखा करत. मला बघून तिचा चेहरा खुलला. जवळ येऊन कानाशी म्हणाली, "दमली न्हाईस न्हवं? मग आनि एक फेरी!" आणि पुढे जाता जाता, "तुझे अण्णा ह्येच म्हनायचे गं."

आम्ही आणखी एक फेरी मारली. रात्री ती पोटभर जेवली.

तुम्ही काळजी करू नका. रोज संध्याकाळी मी तिच्या समोरून येत जाईन.

तुमची,
उलटी फिरणारी नंदा