नावाड्याचं आमंत्रण

तांता, रविवार

आदरणीय बद्रावीमामा यांस,

भाचा वहीद याचा तुमच्या हाताला ओठ लावून सलाम. तुमचा गुडघा, मामींचा दमा आणि गच्चीवरची कबुतरं, सगळ्यांना अल्लाह सुखात ठेवो. गेली दोन वर्षं तुम्ही माझा फोन उचलत नाही, हे मी मनावर घेतलेलं नाही. (तुमची भाचेसून नजाह म्हणते, घेतलंय, नाहीतर दर शुक्रवारी नमाजनंतर तोच नंबर कोण लावतं?) त्या दिवशी तुम्ही अलेक्झांड्रियाहून काहिऱ्याला निघाला होता, गाडी तांत्याला थांबून पुन्हा हलली, आणि तेव्हाच मी फलाटावरून ओरडलो की मामा, उतरा, घरी बदक शिजतंय. तुम्ही खिडकी खाली ओढलीत आणि साऱ्या खानदानात सांगितलंत, वहीदनं मला नावाड्याचं आमंत्रण दिलं. नदीच्या मध्यावरून काठावरच्या माणसाला ‘या जेवायला’ म्हणणं, तो पोहत येणार नाही या खात्रीनं. चाळीस वर्षं कोर्टात आणि कामगारांच्या सभांत बोललेल्या माझ्यासारख्या माणसावर याहून मोठा आरोप नाही. आमच्या लेकीचं, सौसनचं लग्न जवळ आलंय, पण त्याबद्दल मी इथं अक्षरही लिहिणार नाही. आमंत्रण हा शब्द आपल्या दोघांत आता उच्चारण्यासारखा राहिलेला नाही. मी फक्त प्रवासाची हकीकत सांगतो.

सौसननं हट्टानं आम्हा दोघांना लक्सरहून अस्वानला जाणाऱ्या जहाजावर धाडलं. लग्नाच्या तयारीत बाबा घरात नकोत, हे तिचं खरं कारण. मी जन्मभर व्यासपीठावरून गर्जत आलो की तिथली जुनी थडगी म्हणजे जुलमी राजांची मिजास आहे. मामा, मी चुकलो होतो, निदान अर्धा. राजांच्या दरीत मी राजांना सलाम केला नाही, पण त्या भिंतींपुढे माझी मान आपोआप झुकली. दिव्याच्या मिणमिणत्या उजेडात, कोंदट हवेत कुणीतरी बदकाचं एकेक पीस वेगळं रंगवलंय आणि हजारो वर्षं ते पीस हललेलं नाही. शेजारच्या टेकडीत त्या रंगाऱ्यांची स्वतःची थडगी आहेत. मजुरीचं धान्य थकलं तेव्हा हीच माणसं हत्यारं ठेवून देवळामागे जाऊन बसली होती. हे मी तिथल्या तिथे बुलंद आवाजात सांगू लागलो, तेव्हा आमची वाटाडी दमियाना (चुणचुणीत मुलगी, सगळे राजे तिला तोंडपाठ) म्हणाली की वकीलसाहेब, आवाजानं रंग पडतील. एका थडग्यात नवरा-बायको स्वर्गात पांढऱ्याशुभ्र कपड्यांत नांगर धरताना दाखवलेत. मी डोळे पुसत होतो. नजाह म्हणाली, “मेल्यावरही शेतातच? मग तुम्ही एकटेच जा.”

पण मुद्द्याची गोष्ट वेगळीच. एका दारावरच्या ओळी दमियानानं वाचून दाखवल्या. आतला मृत माणूस येणाऱ्या-जाणाऱ्यांना विनवतो: बाबांनो, इथून जाताना एवढंच म्हणा, हजार भाकरी, हजार घडे, हजार बदकं. तुमचं काही जात नाही, हा नुसता तोंडचा वारा आहे. मामा, मी तिथेच दमियानाचा हात धरून तिचे आभार मानले. मी निर्दोष ठरलो होतो. हजार बदकांचं आमंत्रण नुसत्या तोंडानं देणं हा आपल्या देशाचा धर्म आहे, पिरॅमिडांच्या बरोबरीचा, आणि मी फलाटावरून एकाच बदकाचं दिलं होतं. त्याच दुपारी तुम्हाला आठ पानांचं बचावाचं पत्र लिहायला घेतलं. हे ते पत्र नव्हे. ते नाईलमध्ये गेलं, आणि ते का गेलं ते ऐका.

दुसऱ्या दिवशी एस्नाच्या बांधापाशी जहाजांची रांग लागली. तास-दोन तास जागचं हलणं नाही. मी जेवणाचं ताट घेऊन कठड्याशी उभा, ताटात बदकाची तंगडी. खाली एका छोट्या होडीत सत्तरीचा एक कोळी काठीनं पाणी बडवत मासे जाळ्याकडे हाकत होता. त्यानं वर पाहिलं. आता तुम्हीच सांगा, खाताना कुणाची नजर पडली तर आपल्यातला कुठला आईचा लेक गप्प राहील? मी म्हणालो, “या काका, बिस्मिल्ला करा, आमच्याबरोबर जेवा.” यावर त्यानं छातीला हात लावून ‘गोड लागो’ म्हणायचं असतं. माझ्या आयुष्यात प्रत्येक माणूस तेच म्हणालाय. या माणसानं काठी आत ठेवली आणि विचारलं, “शिडी कुठल्या बाजूला?”

गादकाका (हे त्यांचं नाव) ओल्या झग्यानिशी सामानाच्या दारातून वर आले. मॅनेजर धावत आला. यादीत नाव नाही, पायांत चपला नाहीत, भोजनगृहात कोळी चालणार नाही. मग तो अगदी गोड होऊन माझ्याकडे वळला आणि म्हणाला की साहेबांनी आपलं रीतीखातर म्हटलं, नाही का? साहेब तसं सांगतील आणि विषय संपेल. मामा, नुसतं ‘हो’ म्हणायचं होतं. सारं भोजनगृह बघत होतं. श्रमिकांच्या इभ्रतीवर मी चार-चार तास बोललेला माणूस, आणि त्या क्षणी माझ्या तोंडात वारासुद्धा नव्हता. गादकाकाच मॅनेजरला म्हणाले, “साहेबांना छळू नका, बाबा. नावाडी मीच आहे. असली आमंत्रणं मी रोज देतो, पन्नास वर्षं झाली. एकदा हो म्हणून बघावं, काय होतं ते, म्हणून आलो.” आणि हसत दाराकडे वळले.

त्या हसण्यात टोमणा असता तर मी आज सुखी असतो. नव्हता. मी ताट उचललं, नजाहनं तिचं उचललं, आणि आम्ही दोघं त्यांच्यामागून शिडी उतरून होडीत बसलो. माझं म्हणणं एवढंच होतं की वर जमत नसेल तर खाली जेवू. तिघांनी मिळून ती तंगडी खाल्ली. सरकताना माझं आठ पानी बचावपत्र खिशातून पाण्यात पडलं. नजाहनं पाहिलं, पण काढलं नाही. आणि तेवढ्यात बांधाचं दार उघडलं आणि आमचं जहाज आमच्याशिवाय आत शिरलं. दमियाना वरून ओरडत होती, ते राजांबद्दल नव्हतं.

पुढचं थोडक्यात. काकांनी आम्हाला त्यांच्या घरी नेलं. त्यांच्या बायकोनं आम्हाला पाहिलं, अंगणात गेली आणि कोणाला काही न विचारता घरातलं एकुलतं एक बदक कापलं. मी नको नको म्हणत राहिलो. माझं नको म्हणणं त्यांनी नुसतं तोंडचा वारा धरलं. मग पुतण्याच्या मिनीबसनं आम्हाला एडफूला जहाजावर पोचतं केलं. एडफूच्या देवळात भिंतीवर कोरलंय की देंडेराची देवी दरवर्षी होडीत बसून इतक्या दुरून नवऱ्याकडे यायची, आणि तो सामोरा जायचा. काय ते खांब, मामा, काय ती माणसं. नजाह बराच वेळ त्या होडीकडे बघत होती. म्हणाली, “हिलाही मामांसारखं रुसता आलं असतं.”

मामींना सलाम, कबुतरांना दाणे.

तुमचा
वहीद

ता. क. त्या दिवशी चुलीवर बदक नव्हतं. मसूर होते. गाडी हलल्यावर मी ओरडलो, ती हलल्यामुळेच ओरडलो. तुमचा आरोप शब्दशः मान्य.

ता. क. २. सौसनचा निकाह येत्या बावीस तारखेला. आई गेल्यापासून आमच्या बाजूनं बसायला तुमच्याशिवाय वडीलधारं कुणी नाही, आणि पोरगी म्हणते, आजोबा आले नाहीत तर ती खोलीतून बाहेर येणार नाही. मी फलाटावरून ओरडणार नाही. वीस तारखेला रशीद गावी तुमच्या दारात उभा राहीन आणि तुमची पिशवी उचलीन.

ता. क. ३. गादकाकांनाही निरोप घेताना मी रीतीप्रमाणे लग्नाला या म्हणालो होतो. त्यांनी तारीख विचारली होती. काल सकाळी आले, दहा दिवस आधी, खारवलेल्या माशांची बरणी घेऊन. आत्ता कोचावर बसून विचारतायत की एवढं लांबलचक कुणाला लिहितोस. मी सगळं सांगितलं. म्हणाले, रुसलेल्या माणसाला इतकं लिहू नये. त्याला एवढंच लिही: शिडी तुझ्या बाजूला आहे.