पिवळे दाणे कुणाच्याच वाट्याला नाहीत

मी, खाली सही करणारी, चाकं ओतण्याच्या कारखान्याची मालकीण, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते आहे. माझ्यावर कुणाची जबरदस्ती नाही. आजवर कुणाला जमलीही नाही. माझं डोकं ठिकाणावर आहे, तसा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. ठिकाणावर नाही ते मूत्राशय. त्यामुळे मला सारखं उठावं लागतं. मध्येच अक्षर बदललेलं दिसलं तर कुणी शंका काढू नये, मी जाऊन आले एवढंच समजावं. समोर वकीलबाई बसल्या आहेत. त्या म्हणतात, मृत्युपत्रात असलं काही लिहीत नाहीत. मी म्हटलं, मरणार कोण आहे, तुम्ही की मी?

कलम १. घर मुलाला. तो ऑफिसात बसून काम करतो आणि कारखान्याच्या पायरीवरसुद्धा नाकाला रुमाल लावून उभा राहतो. घर त्याने विकू नये असं मला वाटतं, पण तो विकेल. सुनेला माझ्या बांगड्या आणि शिलाई मशीन. मशीनला तेल लागतं, हे तिला सांगून सांगून माझं तोंड दुखलं.

कलम २. बँकेतली ठेव मी हयातीतच मुलगा आणि लेक, दोघांच्या नावावर केली आहे. तिचा इथे संबंध नाही.

कलम ३. माझ्या दिरांना काहीही नाही. कारण लिहून ठेवते, नाहीतर ते गावभर बोंब मारत फिरतील. ते माझे भागीदार होते. चाकाच्या प्लॅस्टिकच्या रसात तो घट्ट व्हावा म्हणून घालायचं रसायन, हार्डनर, ते नुसत्या अंदाजाने टाकत. कमी पडला की चाक चिकट राहायचं, जास्त झाला की ठिसूळ, आणि गिऱ्हाइकाच्या शिव्या मी खायच्या. तेही सोडून दिलं असतं. पण हार्डनरचा रिकामा ड्रम धुऊन त्यांनी घरी पिण्याचं पाणी भरायला नेला! मी टेम्पो करून गेले, ड्रम परत आणला आणि त्याला भोकं पाडली. तर म्हणतात कसे, "वहिनी, ज्याला धड वाससुद्धा नाही, ते माणसाचं काय वाकडं करणार?" त्या दिवसापासून आमचं बोलणं कामापुरतं.

पुढचं कलम मोठं आहे. आधी जाऊन येते.

आले. कलम ४, कारखाना. म्हणजे ही खालची शेड, भट्टी, साचे, सगळं. आम्ही गोदामातल्या गाड्यांची चाकं आणि छापखान्यांचे रोलर ओततो. नुसता रस कितीही तापवला तरी रसच राहतो. त्यात हार्डनरचे पिवळे दाणे वितळवून घातले की तो धरतो, घट्ट होतो, आणि असा धरतो की लोखंड झिजेल पण चाक झिजणार नाही. बाजारात त्या दाण्यांना मोका म्हणतात. ड्रमवरचं पूर्ण नाव वाचता वाचता जेवणाची सुट्टी संपते. दिसायला अगदी गरीब. हाताला लागले तर आग नाही, फोड नाही, खाजसुद्धा नाही. माणूस तिथेच फसतो. आग झाली असती तर हात मागे घेतला असता ना! हे कातडीतून मुकाट आत जातं, वितळवताना वाफेतून जातं, आणि लघवीवाटे बाहेर पडता पडता मूत्राशयात कसली गाठ करून ठेवतं ते माझ्या फायलीत आहे. डॉक्टर म्हणतात, तुमचा आजार त्याचाच, असं शपथेवर सांगता येणार नाही. नका सांगू. चाक एकदा पक्कं झालं की वापरणाऱ्याला भीती नाही. भीती आहे ती ओतणाऱ्याला.

आणि ओतते माझी लेक. तिच्यासारखा हात मी पाहिला नाही. तिच्या चाकात बुडबुडा शोधून सापडणार नाही. पण चाक धरलं की नाही हे ती उघड्या अंगठ्याने दाबून बघते. हातमोज्यातून चिकटपणा कळत नाही, म्हणून या धंद्यातले सगळेच नव्या मोज्याचा अंगठा कापून टाकतात. नवाकोरा मोजा! डॉक्टरांनी तपासणीला लघवी मागितली, बाटली दिली. बाईसाहेबांनी त्या बाटलीत पेनं उभी करून ठेवली आहेत. मला झोप लागत नाही, आणि ही हसते.

तर कारखाना माझ्या लेकीला, या एकाच अटीवर, की पिवळे दाणे पुन्हा शेडमध्ये यायचे नाहीत. दुसरे हार्डनर मिळतात. ते नखरेल आहेत, भांड्यातच धरायला लागतात, हातमोजे त्यांनाही हवेतच. पण डॉक्टर म्हणाले, या दाण्यांपेक्षा ते परवडले.

इथवर लिहून साक्षीदारांना हाक मारली. समोरचे टेलर आले. दुसरे साक्षीदार माझे दीर. त्यांनी कागद ओढून कलम ३ वाचलं आणि चहा न घेताच जिना उतरले. मग लेक वर आली आणि तिने उभ्या उभ्या कलम ४ वाचलं.

"आई, हे काय?"

"वाचता येतं ना?"

"त्या दुसऱ्या हार्डनरची चाकं परत आली होती. सगळ्यांना भेगा. विसरलीस?"

"शिकशील."

"आणि मी शिकेपर्यंत गिऱ्हाईक थांबणार?" ती खाली बसली. "खरं सांगू? तू आहेस तोवर मी हो म्हणेन. तू गेलीस आणि चाकांची एक गाडी परत आली, की त्याच दिवशी दाणे आणेन. मी मला चांगली ओळखते."

"मग नाहीच देत तुला!" मी पेन उचललं. कलम खोडता येईना. तिचे बाबा गेल्यावर या शेडने आम्हाला जगवलं. ही पोर साच्यांशेजारी अभ्यास करून मोठी झाली. कसं खोडू?

ती माझ्या हाताकडे बघत राहिली. मग म्हणाली, "दुसरा साक्षीदार गेला ना? मी करते सही."

वकीलबाई ताडकन उठल्या. "अहो, तुम्ही नाही करायची! ज्याला मिळतं त्यानेच साक्ष दिली तर त्याचा वाटा बाद होतो."

"नक्की बाद होतो?"

"नक्की."

"मग द्या पेन."

मला हेच हवं होतं. तिचा हात त्या दाण्यांतून निघावा म्हणून तर सकाळपासून तळमळत बसले होते. तरी मला रडू कोसळलं. टेलरनी डोळे पुसायला खिशातलं अस्तराचं कापड दिलं. लेक म्हणाली, "रडू नकोस, सही हलेल."

कलम ५. वर जे बाद होईल किंवा राहून गेलं असेल ते सगळं मुलाला. तो शेड विकेल. त्याआधी उरलेल्या दाण्यांचे ड्रम विषारी कचरा नेणाऱ्यांच्या ताब्यात द्यावेत. झाडून काढू नयेत, धूळ उडते.

वरील सर्व मी वाचलं, मला समजलं, मला मान्य आहे. मान्य करायला जड गेलं, हेही खरं आहे.

स्थळ: कारखान्यावरची खोली. दिनांक: आजचा, सोमवार. भट्टी पेटवलेली नाही.

सही: कारखान्याची मालकीण

साक्षीदार पहिले: समोरचे टेलर. धंदा, शिवणकाम.

साक्षीदार दुसरी: माझी लेक. धंद्यापुढे तिने 'ओतकाम' लिहिलं, आणि मग स्वतःच खोडलं.