न आवळलेली काडतुसं

लव्हाल, २९ सप्टेंबर

चि. दिलीप यास,
ताईचे अनेक आशीर्वाद. छायालाही.

ओजस आज सकाळी पोटभर खाऊन उत्तरेला गेला, मूसच्या, त्या घोड्याएवढ्या सांबराच्या, शिकारीला. टोरोंटोहून परवा आला तेव्हा चेहरा ऑफिसमध्ये उकडून काढल्यासारखा होता, आज निघताना मात्र अगदी कॉलेजातला वाटला. बरोबर दशम्या, लसणीची चटणी आणि त्याच्या बाबांची जुनी रायफल दिली. प्रताप गेल्यापासून ती बेसमेंटच्या कपाटात कुलपात पडून होती. यंदा लायसन्स, कागदपत्रं सगळं होऊन ती ओजसच्या नावावर झाली. मित्राबरोबर तळ्यापलीकडच्या केबिनमध्ये राहणार आहे. फोन लागणार नाही असं आधीच बजावून ठेवलंय. लागला तरी काय उपयोग म्हणा, फोनवर माझ्या कानांना नुसती खरखर ऐकू येते. म्हणून तर तुला हे ईमेल टाइप करत बसते.

एक विचारायचं आहे. तू त्याला घरी भरून दिलेली काडतुसं मी पाहिली. प्रताप भरायचे तेव्हा मी शेजारी बसून पितळी पुंगळ्या पुसून द्यायचे. शेवटी ते गोळीच्या कमरेच्या खाचेत पुंगळीची कड दाबून बसवायचे, त्याला क्रिम्प करणं म्हणायचे. गळ्याशी बारीक आवळल्याची रेघ दिसायची. तुझ्या काडतुसांना ती दिसली नाही. माझ्या चष्म्याचा दोष आहे की तू ते केलंच नाहीस?

गुडघा कसा आहे? छायाला म्हणावं, तुला जिन्यावरून जड खोकी उचलू देऊ नकोस.

लोभ आहेच, तो पत्रांतूनही दिसू दे.
तुझी ताई, मृणालिनी

---

लंडन (टोरोंटोच्या पलीकडचं), ३० सप्टेंबर

ती. ताईस,
दिलीपचा शिरसाष्टांग नमस्कार.

चष्मा ठीक आहे. मी क्रिम्प केलेलं नाही, आणि मुद्दामच केलेलं नाही. या विषयावर इथल्या क्लबात दर शनिवारी भांडणं होतात. पुंगळीच्या गळ्याने गोळी घट्ट धरली असेल तर वरून आणखी आवळायची गरज नसते. उलट आवळण्यात कमीजास्त झालं तर नेम बिघडतो. माझ्या रायफलीला मी कधीच करत नाही आणि माझे कागदावरचे नेम तू पाहिले आहेस. प्रतापराव जुन्या पद्धतीचे होते. ते शर्टाचं वरचं बटणसुद्धा घरात लावून बसायचे!

छाया म्हणते की रिटायर्ड मेकॅनिकल इंजिनिअरला प्रश्न विचारू नये, तो लेक्चर देतो. म्हणून थांबतो. ओजसने मूस मारलाच तर आमचा वाटा फ्रीझरमध्ये ठेव.

तुझ्या आशीर्वादाचा धनी,
दिलीप

---

लंडन, १ ऑक्टोबर, सकाळ

ताई,
नमस्कार. हे वाचलंस की लगेच उत्तर दे.

काल तुला ऐटीत लिहिलं आणि मग तुझं वाक्य डोक्यातून जाईना. माझी रायफल वेगळ्या प्रकारची आहे. प्रतापरावांच्या रायफलीत काडतुसं नळीच्या खालच्या दुसऱ्या नळीत एकामागे एक रांगेत बसतात, पुढून स्प्रिंग त्यांना मागे ढकलत असते. एक बार झाला की धक्क्याने मागची सगळी एकमेकांवर आपटतात. गोळी घट्ट नसेल तर ती पुंगळीत आत सरकते. तशा रायफलीसाठी क्रिम्प करायचंच असतं. हे मला माहीत होतं, ताई. वाचलेलं होतं. सवयीच्या भरात मी माझ्यासारखंच भरलं.

आज सकाळी उरलेल्यांतलं एक काडतूस घेतलं आणि गोळीचं टोक टेबलाच्या लाकडावर दाबलं. नुसत्या हाताने. गोळी आत गेली. दुसरं घेतलं, तीही गेली. पुंगळ्या प्रतापरावांच्याच होत्या, कितीदा वापरलेल्या, पितळ कडक होऊन त्याची पकड सुटली आहे. गोळी आत गेली की दारूला जागा कमी पडते, आणि बार काढला तर दाब इतका चढतो की रायफल हातात फुटू शकते. तोंडापाशी.

ओजसचा फोन बंद लागतो. मित्राचाही. केबिन कुठली, कुणाकडून घेतली, काही ठाऊक असेल तर कळव. छाया पोलिसांना फोन लावते आहे, पण त्यांना सांगायचं काय, हेच आम्हाला कळत नाही.

दिलीप

---

लव्हाल, १ ऑक्टोबर

दिलीप,

वाचलं. घाईत टाइप करते आहे, चुका होतील.

ओजस फ्रिजवर केबिनवाल्यांचं कार्ड लावून गेला होता. मी तशीच चपलांवर शेजारच्या सिल्व्हीकडे गेले. तिला नीट सांगताही येईना, माझं फ्रेंच बोंजूर-मेर्सीच्या पुढे जात नाही, त्यात रडू. तिने मला खुर्चीत बसवलं आणि फोन लावला. ती खूप मोठ्याने बोलत होती, तरी मला शब्द कळत नव्हते, नुसता तिचा चेहरा बघत होते. आधी कपाळाला आठ्या, मग मान हलवणं, मग माझा हात धरला.

केबिनवाल्यांनी सांगितलं की मुलं कालच बोटीने पलीकडे गेली. आज तळ्यावर वारा आहे, लहान बोट घालता येत नाही. वारा पडला की माणूस पाठवतील. निरोप सिल्व्हीने लिहून घ्यायला लावला: मामाची काडतुसं वापरू नकोस, रायफल रिकामी कर. त्यांच्याकडून परत वाचून घेतला.

वारा कधी पडेल, विचारलं. त्यांना माहीत नाही.

तू म्हणालास फुटू शकते. शकते म्हणजे किती? खरं लिही. मला समजावू नकोस.

ताई

---

लंडन, २ ऑक्टोबर

ताई,

खरं लिहितो. मला माहीत नाही. गोळी थोडी सरकली तर कदाचित काहीच होणार नाही. बरीच सरकली तर डोळे, हात, काहीही. उरलेली सगळी काडतुसं तपासली. काही घट्ट आहेत, काही नाहीत. कुठली सैल निघतील, हे बाहेरून दिसत नाही.

तिकडचं, उत्तरेचं हवामान कॉम्प्युटरवर उघडून बसलो आहे. वारा अजून तेवढाच दाखवतंय. छायाने समोर भात ठेवला, तो तसाच राहिला.  ती रागावली असती तर बरं झालं असतं. दुपारी बेसमेंटमधलं काडतुसं भरायचं सगळं सामान कुलपात घातलं आणि किल्ली तिच्या हातात दिली. तिने ती न बघता ओट्यावर ठेवली.

मला तिकडे निघून यावंसं वाटतं, पण गाडीत असताना तुझं पत्र आलं तर? म्हणून इथेच बसलो आहे. काही कळलं तर एक शब्द लिही. कसलाही.

दिलीप

---

लव्हाल, ४ ऑक्टोबर

ती. दिलीपमामास,
ओजसचा नमस्कार. आईलाही हेच पाठवतोय. तिच्या शेजारी बसूनच लिहितोय. ती म्हणाली मराठीत लिही, म्हणून हळूहळू टाइप करतोय.

मी ओके आहे. दोन्ही हात, दोन्ही डोळे. हे आधी.

परवा सकाळी आम्ही दलदलीच्या कडेला बसलो होतो. पलीकडे एक मोठा नर मूस बाहेर आला. मी बार काढला, चुकला. तो पळाला नाही, मान वर करून उभा राहिला. मी पुढचं काडतूस भरायला लिव्हर ओढला, तर तो मध्येच अडकला. मला राग आला. पहिल्यांदाच बाबांची रायफल आणि असं! मी जोर लावला, तेव्हा लिव्हर बसला. पुढचं काडतूस आत गेलं. मी परत नेम धरला. गाल लाकडाला टेकलेला, बोट ट्रिगरवर. तेवढ्यात मूस वळला आणि झाडांमागे गेला. आम्ही बराच वेळ वाट पाहिली. तो आला नाही.

परत चालायच्या आधी रायफल रिकामी करायचा रूल आहे. जे काडतूस बाहेर आलं ते बाकीच्यांपेक्षा बुटकं होतं. गोळी जवळजवळ पूर्ण आत गेलेली, नुसतं टोक दिसत होतं. मला अर्थ कळला नाही. मित्राला दाखवलं आणि हसलो, की मामाने हे बेबी साइझ दिलंय. खिशात टाकलं.

केबिनवर आलो तर बोटवाला दारात उभा होता. पूर्ण भिजलेला. त्याने कागद दिला. मी वाचला, मग खिशातलं ते काढून त्याच्या हातावर ठेवलं. तो म्हातारा माणूस आहे, आयुष्यभर शिकार केलेला. त्याने ते बघितलं आणि टोपी काढली. मग मी पायरीवर बसलो, मामा. बाकीची काडतुसंही काढून त्याच्याकडे दिली.

त्याला विचारलं की मूस वळला नसता तर. तो चहा करायला आत गेला.

मी चिडलेलो नाही. किंवा अजून कळलेलं नाही. छायामामीला सांग की मी जेवलो.

तुमचा,
ओजस

---

लव्हाल, ५ ऑक्टोबर

चि. दिलीप यास,
आशीर्वाद.

ओजस आज दुपारी जेवून वर झोपला आहे. मी दोनदा जाऊन त्याचा श्वास बघून आले. कान साथ देत नाहीत, म्हणून छातीवर हात ठेवून बघावं लागतं. लहानपणी बघायचे तसं. तो जागा झाला तरी झोपल्याचं सोंग करतो, मला ते कळतं.

काल त्याने टाइप केलं तेव्हा मी शेजारी होते, पण बोट ट्रिगरवर होतं हे त्याने मला तोंडाने सांगितलं नव्हतं. ते मी स्क्रीनवर वाचलं. मग मी न्हाणीत जाऊन नळ सोडून बसले.

मला सारखं वाटत होतं की आपला निरोप वेळेवर गेला म्हणून तो वाचला. तसं नव्हतं रे. निरोप तेव्हा तळ्याच्या अलीकडेच होता. तुझं ज्ञान नाही, माझा चष्मा नाही, सिल्व्हीचा फोन नाही. एका जनावराला त्या क्षणी वळावंसं वाटलं, एवढंच.  देवाजवळ दिवा लावला, पण हात जोडल्यावर डोळ्यांपुढे तो मूसच येतो.

तुझ्या ईमेल एकामागून एक येताहेत. सगळ्यांत माफी आहे. मी उत्तर लिहायला तीनदा बसले. एकदा लिहिलं की जाऊ दे, चुका होतात. पुसलं. एकदा जे लिहिलं ते तुला कधीच सांगणार नाही, तेही पुसलं. तू माझा भाऊ आहेस आणि माझ्या मुलाच्या तोंडापाशी तू ते ठेवलं होतंस, या दोन गोष्टी एका कागदावर मावत नाहीत.

म्हणून लिहीत बसू नकोस. थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीची वाट बघू नकोस. छायाला घे आणि इकडे ये. तुला समोर उभा केल्याशिवाय मला नीट रागावता येणार नाही, आणि रागावल्याशिवाय तुला जेवायला वाढता येणार नाही. ओजस मंगळवारपर्यंत आहे. त्यालाही तू यायला हवा आहेस. तो म्हणाला नाही, पण वरच्या खोलीत दोन जादा उशा त्यानेच आणून ठेवल्यात.

गाडी हळू चालव. पोचेपर्यंत मी दारातच आहे.

ताई