मानेवरचा हात

आबा, दुसरीच्या वर्गाबाहेर व्हरांड्यात बाईंनी तुमचा वर गेलेला हात मनगटाशी धरला ना, तिथे माझं सगळं बदललं. त्याच्या आधीचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं, नंतरचं सलग. तुम्हाला जाऊन दहा वर्षं झाली, आणि हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही.

आई चार घरची धुणीभांडी करायची, घरी मला बघायला कोणी नाही, म्हणून चार वर्षांचा असल्यापासून तुम्ही मला दिवसाच्या शिफ्टला यंत्रमागाच्या कारखान्यात न्यायचात. सुताच्या गोण्यांवर मी बसलेला. एवढे सगळे लूम एकदम खडखडत असताना माणसाचं बोलणं ऐकू येतंय कुठे. कोणाला काही सांगायचं तर त्याच्याजवळ जायचं, मानेमागे हात घालून डोकं खाली ओढायचं आणि कानाला तोंड लावून ओरडायचं. यूपीवाले कारागीर असेच बोलायचे, तुम्ही असेच बोलायचात, मुकादम तर शिव्याही अशाच द्यायचा. मी बोलायला तिथे शिकलो. मग शाळेत गेलो. शेजारच्या पोराकडे रबर मागायचा होता, तर त्याची मान धरून खाली ओढली आणि कानात ओरडलो. तो रडला. दुसऱ्या दिवशी दुसरा रडला. पहिली संपेपर्यंत माझं नाव मारकुटा पडलं होतं. मला कळेना की मी केलं काय. पण एकदा नाव पडल्यावर मी खरंच मारायला लागलो. ते सोपं होतं.

बाईंनी तुम्हाला सोमवारी बोलावलं होतं, तुम्ही आलात शुक्रवारी, कारण त्या दिवशी लूम बंद. आल्या आल्या काही न विचारता मला एक ठेवून दिलीत, आणि दुसरी बसायच्या आत बाईंनी हात धरला. तुम्ही सांगायला लागलात की ह्याला मी रोज मारतो, तरी सुधरत न्हाय. तुमचा आवाज एवढा की पलीकडे चौथीचे पाढे थांबले. बाई म्हणाल्या, "हळू बोला, मी इथेच आहे." तुम्ही म्हणालात, "हळूच बोलतोय बाई." पोरं हसली. मला वाटलं जमीन फाटावी. पण बाई हसल्या नाहीत. त्या एकदा तुमच्याकडे बघतात, एकदा माझ्याकडे, आणि मग विचारतात, कामावर तुम्ही कसं बोलता हो. तुम्ही भाबडेपणाने करूनच दाखवलंत. माझी मान धरली, खाली ओढली आणि मागावरचं सूत संपल्यावर ओरडायचात तसं कानात ओरडलात, "कांडी संपली, बदल." बाई पायरीवर बसल्याच. तिथूनच म्हणाल्या, "अहो, म्हणजे हा पोरांना मारत नव्हता. बोलत होता."

मग दर शुक्रवारी शाळा सुटल्यावर अर्धा तास पालकांना यायला सांगितलं त्यांनी. बाकी सगळ्या आया, आणि पाठीमागच्या बुटक्या बाकावर गुडघे छातीशी घेऊन बसलेले तुम्ही एकटे बाप. दुसरीपर्यंत शिकलेले, परत दुसरीत. बाई सांगायच्या, पोर घरी आलं की का केलंस असं विचारायचं नाही, काय झालं असं विचारायचं, आणि त्याचं सांगून होईपर्यंत आपले हात खिशात. तुम्ही म्हणालात, "खिसा न्हाय बाई, लुंगी हाय." तर म्हणाल्या, मग हातांवर बसा. आणि तुम्ही खरंच बसायला लागलात. चटईवर, दोन्ही तळवे मांडीखाली घालून, आरोपीसारखे. कारखान्यात तुमची मजा चालायची. "क्या मास्टर, आज का सबक क्या है?" तुम्ही तेही मनापासून सांगायचात त्यांना. एक जण तर म्हणाला की मुलुकात जाऊन बायकोपुढे हातांवर बसून बघतो.

एक संध्याकाळ मला स्वच्छ दिसते. एका पोराने माझा डबा सांडला म्हणून मी त्याला चावलोय, आणि तुम्हाला सांगतोय. लूमच्या आवाजाने तुमचे कान तेव्हाच निम्मे गेले होते, तुम्ही सारखे म्हणताय, परत सांग, हळू सांग. मी हळू सांगतो. तुमची मांडी हलते, खालचा हात बाहेर यायला बघतोय. पण येत नाही. मग तुम्ही बाईंनी पाठ करून घेतलेलं विचारता, अडखळत, "मंग तुला राग आला का वाईट वाटलं?" आबा, ह्या दोन वेगळ्या गोष्टी असतात हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. डब्यात आईने अंडं दिलं होतं, महिन्यातून एकदा मिळणारं. मला वाईट वाटलं होतं. ते सांगताना मी रडलो, आणि दुसऱ्या दिवशी त्या पोराला जाऊन तेच सांगितलं, हात न लावता. त्याने मला त्याची अर्धी चपाती दिली. तिसरीत मला मित्र होते.

मी सातवीत असताना सुताच्या धुळीने भरलेली तुमची छाती तुम्हाला घेऊन गेली. आई दमून यायची, तिला कुठून सुचणार हे. विचारणारं कोणी उरलं नाही आणि मी पुन्हा पहिलीतला झालो. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला एक मुलगी आवडली. आवडली म्हणजे काय, तिच्याशिवाय काही सुचेना, आणि तिलाही मी आवडत होतो. कॅन्टीनमध्ये एक जण तिच्यावरून काहीतरी बोलला, मी त्याला फोडला. ती आली आणि म्हणाली, मी सांगितलं होतं तुला? तर मी, आबा, तिच्या मानेमागे हात घातला, तिला खाली ओढलं आणि तिच्या कानात ओरडलो की तुझ्यासाठीच केलं. सगळ्यांसमोर. तिने माझा हात एकेक बोट सोडवत काढला आणि गेली. दुसऱ्या दिवसापासून मी कॉलेजला गेलो नाही. आईला सांगितलं, प्रिन्सिपलने काढलं. प्रिन्सिपलला माझं नावही माहीत नव्हतं.

त्याला दोन वर्षं झाली. मी काल्हेरला गोडाऊनमध्ये माल चढवतो-उतरवतो. ती वाडा तालुक्यातल्या एका शाळेत पहिलीला शिकवते. परवा तिने मैत्रिणीबरोबर चिठ्ठी पाठवली. घरी स्थळ आलंय, ह्या आठवड्यात उत्तर द्यायचंय. आज रविवार, ती शाळेच्या गावाला परत जाताना चार वाजता अंबाडीला एस.टी. बदलते, मधे अर्धा तास आहे. लिहिलंय, बोलायचं असेल तर ये, भांडायचं असेल तर नको.

सकाळपासून हे लिहितोय. तुम्हाला वाचता कुठे येत होतं, आणि पाठवू तरी कुठे. माफीचं सगळं मनात जुळवून ठेवलंय, ते मी नीट बोलेन. पण ती नाही म्हणाली तरी मी शांत राहीन, हे एक वाक्य इथे तीनदा लिहिलं आणि तीनदा खोडलं. वर दिसतच असेल, कागद फाटलाय तिथे. मला माहीत नाही आबा. तरी जातो. तिची गाडी सुटेल. आता कागद वहीत घालायचा, चपला घालायच्या, बाहेर पडायचं आणि दार ओढून घ्यायचं.